नाशिककरांनो, घरातील टिकाऊ वस्तू आणि खात्रीची कामे यांविषयी आपला अनुभव येथे लिहावा

गोदाकाठ

माझ्या धाकट्या बहिणीने पाथर्डी फाट्याजवळ नवीन घर घेतले आहे. संसाराला काय काय घ्यावे, कोठून घ्यावे आणि कोणत्या कामाला कोणाला बोलवावे, हे सगळे तिने मला लिहून मागितले. लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात आले की बावीस वर्षांच्या संसारात मी जितक्या वस्तू आणल्या, त्यांतल्या मनापासून दुसऱ्याला सांगाव्यात अशा फार थोड्या आहेत; आणि ज्या आहेत त्या बहुतेक दुरुस्त होणाऱ्या आहेत. म्हणून हा धागा काढते आहे. एकच विनंती आहे. निदान दोन वर्षे वापरलेल्या वस्तूविषयी किंवा निदान दोनदा करून घेतलेल्या कामाविषयीच लिहावे, आणि नुसते 'उत्तम आहे' असे न लिहिता ते उत्तम आहे हे आपण कशावरून ओळखले, तेही सांगावे. दुकाने बदलतात, कारागीर गाव सोडतात, परंतु पारख एकदा कळली की ती कोठेही उपयोगी पडते.

सुरुवात मी कल्हईपासून करते. आमचे सासर जुन्या नाशकातले. वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा सासूबाईंची पितळेची तीन पातेली आणि एक मोठा डबा माळ्यावर पडला होता. ही भांडी मोडीत द्यावीत, असे घरात सर्वांचेच मत होते. मी भांडी बाजारात चौकशीला गेले, तर दुकानदाराने वजन करून मोडीचा भाव सांगितला आणि मग स्वतःच म्हणाला, "वहिनी, या जाडीचे पातेले आता नवीन घ्यायला गेलात तर वजनाचे पैसे आणि वर घडणावळ पडेल. मोडीला घडणावळ मिळत नाही. कल्हई करून घ्या आणि वापरा." त्याला त्या बोलण्यातून काहीच मिळणार नव्हते, म्हणून मी ते ऐकले.

त्याच पातेल्यात आज सात वर्षे आमची आमटी होते. जाड पितळेला उष्णता सगळीकडे सारखी लागते, त्यामुळे खाली लागून करपण्याचा प्रकार नाही. दूध मंद आचेवर आटवायचे असेल तर या भांड्यासारखे दुसरे भांडे नाही. मात्र कल्हई उडाली की लगेच थांबायचे. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांतले काहीही उघड्या पितळेत राहिले तर कळकते, आणि कळकलेले अन्न पोटात जाता कामा नये. आमच्याकडे रोजच्या वापरात पातेल्याची कल्हई साधारण आठ-नऊ महिने टिकते. तळाला पिवळसर धातू रुपयाएवढा जरी दिसला, तरी मी ते भांडे बाजूला काढते. तारेच्या घासणीने कल्हईचे भांडे घासू नये, कोरडे असताना ते चुलीवर ठेवू नये आणि त्यात फोडणी जाळू नये, एवढी पथ्ये पाळली की पुरे.

एकदा फसगतही झाली. दारावर आलेल्या एका माणसाने अर्ध्या पैशांत कल्हई करून दिली. भांडे पहिल्या दिवशी आरशासारखे चकाकत होते. चौथ्या दिवशी आतून काळपट झाले आणि फडक्याला करडा रंग लागू लागला. मी ते पुन्हा तापवून, साफ करवून, दुसऱ्याकडून कल्हई करून घेतली, म्हणजे पैसे दुप्पट गेले. तेव्हापासून कल्हई माझ्या डोळ्यांसमोर होणार असेल तरच मी भांडे हातात देते.

सिडकोवासी

ताई, विषय फार चांगला काढलात. आमच्याकडेही आजीचे तांब्या-पितळेचे पुष्कळ आहे. पण समोर उभे राहून नेमके काय पाहायचे, हे आमच्या पिढीला ठाऊक नाही. तो काळपट रंग कशाचा होता, हे कोणी जाणकार सांगतील का?

जुने नाशिक

माझे लहानपण तांबट लेनच्या शेजारी गेले. पहाटे ठोक्यांच्या आवाजाने जाग यायची. त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून लहान भट्टी आणि हाताचा भाता एवढ्यावर हे काम होते. आधी भांडे राखेने किंवा वाळूने घासून, आम्लाने धुऊन अगदी स्वच्छ करायचे. मग ते भट्टीवर फिरवत तापवायचे, त्यावर नवसागराची पूड टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने पुसायची. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो. जो पांढरा धूर निघतो आणि नाकात चढतो, तो त्याचाच. हा टप्पा जो कारागीर घाईने उरकतो, त्याची कल्हई पापुद्र्यासारखी सुटते. यानंतर कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवली की ती लोण्यासारखी वितळते, आणि ती थिजायच्या आत कापसाने सगळीकडे एका हाताने पसरवावी लागते. शेवटी भांडे पाण्यात बुडवतात. चांगल्या कल्हईत कापसाच्या फिरवणीचे गोल वळसे अंधूक दिसतात, आणि काठाच्या वळणाखालीही थर पोहोचलेला असतो. तेथे बोट फिरवून पाहावे.

आता त्या काळपट रंगाविषयी. कथील महाग असते, त्यामुळे काही जण त्यात शिसे मिसळतात. शिसे विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना, त्यामुळे ही काटकसर कोणत्याही घराला परवडणारी नाही. पारख दोन प्रकारे करता येते. कांडी पांढऱ्या कागदावर ओढून पाहावी. शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडते, कथील तशी सोडत नाही. दुसरे म्हणजे कांडी कानाजवळ धरून वाकवायला सांगावी. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर आवाज करते, कारण वाकताना त्याच्या स्फटिकांची रचना एकदम बदलते. शिसे मुकाट्याने वाकते. माझे वडील प्रत्येक वेळी कांडी वाकवून घेत असत आणि खरा कारागीर त्याचा राग मानत नसे. उलट, गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून तो बसायला पाट द्यायचा.

भांडी बाजारात नवीन तांब्याचे भांडे घेताना आणखी एक पाहावे. भांडे आतून लाखेने चकचकीत केलेले असेल तर ते शोभेचे आहे, पाणी साठवायचे नाही. ते दुकानदाराला स्पष्ट विचारावे. आणि पावसाळ्यात खरेदीला जाणाऱ्यांना सांगतो की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, तर त्या दिवशी सराफ बाजार आणि भांडी बाजाराकडे फिरकू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे दुकानांत पाणी शिरले होते, आणि दुकानदार माल वर चढवण्याच्या धावपळीत असताना त्यांना भाव विचारणे बरे नव्हे.

सिडकोवासी

काका, मनापासून धन्यवाद. कांडी वाकवून आवाज ऐकायचा असतो, हे आयुष्यात प्रथमच कळले. रविवारी आजीची भांडी खाली काढतो.

मखमलाबाद रोड

मी वर्षाच्या धान्याविषयी लिहिते, कारण दर महिन्याला पाच किलोची पिशवी आणणाऱ्या माझ्या शेजारणींना अजूनही हे जुने आणि कटकटीचे काम वाटते. आमच्या घरी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गहू भरला जातो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत दुसऱ्या गव्हाचा दाणा घरात येत नाही. त्याचा मोठा फायदा असा की एकदा कणीक कशी भिजवायची याचा हाताला अंदाज आला की तो वर्षभर चुकत नाही.

आपल्याकडे बहुतेक जण दुकानात 'लोकवन' मागतात. हे नाव लोक-१ या वाणाचे आहे आणि तो गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाला. गहू चांगलाच आहे. परंतु आपल्याच जिल्ह्यात निफाडला गव्हाचे संशोधन केंद्र आहे, तेथून निघालेल्या वाणांना 'त्र्यंबक', 'तपोवन', 'गोदावरी' अशी आपल्या परिसराची नावे आहेत, आणि तरीही नाशिकच्या गृहिणीला ती ठाऊक नसतात, याचे मला वाईट वाटते. तपोवन आणि त्र्यंबक पोळीला चालतात. गोदावरी हा बक्षी (ड्युरम) गव्हातला, त्याचा रवा, शेवया आणि कुरडया उत्तम होतात. पोळीसाठी तो घेऊ नये. निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे कोणी शेतकरी ओळखीचे असतील तर वाणाचे नाव विचारून थेट त्यांच्याकडून घ्यावा. आम्ही सहा वर्षे एकाच घरातून घेत आहोत. ते पेरणीच्या वेळीच किती पोती हवीत ते विचारतात.

घेताना मूठभर गहू तळहातावर पसरावा. दाणा भरलेला, एकसारखा आणि पोटाशी न सुरकुतलेला हवा. एक दाणा दाताखाली धरावा. कटकन तुटला तर वाळलेला आहे, दबला तर त्यात ओल आहे आणि तो कोठीत टिकणार नाही. घरी आणल्यावर दोन दिवस गच्चीवर कडक ऊन द्यावे. पुढची चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली. उन्हातून उचललेला गरम गहू तसाच पत्र्याच्या कोठीत भरला, झाकण लावले, आणि जुलैमध्ये कोठी उघडली तर वरचा थर बुरसलेला व खाली सोंडे फिरत होते. गरम धान्य बंद डब्यात घामेजते. म्हणून रात्रभर ते सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच भरावे. मध्ये मध्ये सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालावा. काही जण धान्याला बोरिक पावडर लावतात. मी ते पूर्णपणे बंद केले आहे, कारण ती खाण्याची वस्तू नाही आणि कितीही पाखडले तरी दाण्याच्या खाचेत राहतेच. डाळींना एरंडेलाचा हात पुरतो.

कांद्याचेही थोडक्यात सांगते. साठवायला उन्हाळच घ्यावा. खरिपाचा लाल आणि रांगडा हे लगेच खायचे कांदे आहेत, ते टिकत नाहीत. उन्हाळ कांद्यातही मान बारीक मिटलेली आणि वर दोन-तीन पापुद्रे सुटे वाजणारे असावेत. जाड मानेचा कांदा आतून आधी सडतो. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून आलेला एन-२-४-१ हा वाण टिकण्यासाठीच नावाजलेला आहे, शेतकऱ्याला तेवढे विचारावे. पोत्यात कधीही ठेवू नये; आम्ही बाल्कनीत जुन्या पलंगाच्या पट्ट्यांवर एका थरात पसरतो आणि दर पंधरा दिवसांनी हात फिरवून नरम पडलेले आधी वापरतो.

गोदाकाठ

ताई, गार करून भरण्याचे आपण लिहिलेत ते बहिणीच्या यादीत तसेच्या तसे उतरवून घेतले. आमच्याकडे अजून बोरिक पावडर लावतात. यंदा सासूबाईंशी बोलते. तांदळाचे कोणी लिहील का?

घोटीकर

मी नोकरीसाठी रोज घोटीहून नाशिकला येतो, त्यामुळे तांदळाचे मी सांगतो. इगतपुरी तालुका पावसाचा, आणि घोटीत भाताच्या गिरण्या पुष्कळ आहेत. नाशिकहून मुंबई महामार्गाने तासाभराचा रस्ता आहे. इंद्रायणी हवा असेल तर दिवाळीनंतर भात कापून, वाळून, गिरणीत येऊ द्यावा आणि मगच यावे. 'इंद्रायणी' म्हणून दुकानात जे विकले जाते, ते सर्वच इंद्रायणी नसते. खरा दाणा मध्यम जाडीचा असतो, त्याला स्वतःचा मंद वास असतो, आणि शिजल्यावर तो मऊ, किंचित चिकट होतो, कारण आंबेमोहोर हा त्याच्या जन्मदात्यांपैकी एक आहे. वास नाकाशी नेताच फार तीव्र आला, तर शंका घ्यावी. कोरड्या तांदळाची मूठ गरम वाफेवर धरून वास घ्यावा, वरून लावलेला सुगंध भपकन येतो आणि दोन धुण्यांत निघून जातो.

नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि गिच्च होतो, म्हणून वरण-भाताला नवा चालतो, मसालेभाताला जुना घ्यावा. गिरणीवर कणी वेगळी मिळते आणि ती स्वस्त पडते. आमच्या घरी ती पेजेला व घावनांना वापरतात. गिरणीत उभे राहून पॉलिश कमी करायला सांगता येते; तसा तांदूळ जरा करडा दिसतो आणि लवकर किडतो, त्यामुळे तो चार महिन्यांपुरताच न्यावा.

जेलरोड

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत घ्यावे असे जे आहे ते आले. मी एक न घेण्याविषयी लिहितो, कारण त्यात माझे अठरा हजार रुपये गेले आहेत.

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पाणी तपासून देतो म्हणून एक तरुण आला. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. त्याने दोन पेले टेबलावर ठेवले, एकात आमच्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. मग दोन-दोन कांड्यांचे एक विजेचे उपकरण दोन्ही पेल्यांत बुडवून चालू केले. मिनिटभरात आमच्या पेल्यातले पाणी आधी हिरवट, मग तांबूस तपकिरी झाले आणि वर गाळासारखा साका आला. त्याचा पेला स्वच्छ राहिला. "काका, हे तुम्ही नातवाला पाजता," असे तो म्हणाला. माझी सून तेथेच उभी होती, तिचा चेहरा उतरला, आणि मी त्याच संध्याकाळी आरओ यंत्राचे पैसे भरले.

पुढे माझ्या भाच्याने, जो रसायनशास्त्र शिकवतो, मला त्यामागचे कारण समजावले. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंजासारखा साका तयार होतो. म्हणजे तो गाळ पाण्यातला नसून कांडीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरत नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याने आमच्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तसलेच उपकरण लावून दाखवले. ते पाणीही तसेच तपकिरी झाले.

माझे म्हणणे असे आहे की आधी मोजावे. शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून पाणी मिळते, आणि धरणाच्या पाण्यात विरघळलेले क्षार सहसा कमीच असतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे स्वीकारार्ह प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, जेथे हे प्रमाण ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश सरकारला दिले होते. हे प्रमाण मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. आमच्या नळाचा आकडा या मर्यादेच्या पुष्कळ खाली निघाला. म्हणजे जे यंत्र मला नको होते, ते मी तीन वर्षे चालवले; एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडले, आणि दर वर्षी पडदा व गाळणी बदलायचे पैसे वेगळे दिले.

मात्र टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, हे लक्षात ठेवावे. आकडा कमी आहे म्हणून पाणी निर्धोक आहे असे मुळीच नाही. आता आमच्याकडे अतिनील दिव्याचे साधे यंत्र आहे, त्याचा दिवा वर्षाला बदलतो, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आले की तुरटी फिरवून, निवळून, उकळून घेतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोसायटीची वरची टाकी. आम्ही घरोघरी हजारो रुपयांची यंत्रे बसवली होती, आणि टाकी तीन वर्षे कोणी धुतली नव्हती. टाकी धुणाऱ्यांना बोलावताना दोन गोष्टी विचाराव्यात: गाळ पंपाने उपसून भिंती घासणार का, आणि शेवटी क्लोरीन टाकून ठरावीक वेळ ठेवून ते पाणी सोडून देणार का. नुसता पाण्याचा फवारा मारून जाणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक माणूस उभा असावाच.

म्हसरूळ

काका, आपला अनुभव खरा आहे, परंतु सर्वांना आरओ नको असे कृपया कोणी समजू नये. आमच्या इमारतीला उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळावे लागते. मी तोच मीटर लावला तेव्हा आकडा ९०० च्या पुढे गेला. डाळ शिजत नव्हती, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसून ती दोन वर्षांत जळाली, नळाच्या जाळीतून धार वाकडी पडत होती. आमच्यासाठी आरओ आवश्यकच होता. बाहेर पडणारे पाणी आम्ही पिंपात साठवून संडास व फरशीसाठी वापरतो. झाडांना घालत नाही, त्यात क्षार एकवटलेले असतात.

जेलरोड

आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. बोअरचे पाणी असेल तर आरओ घ्यावा. माझा आग्रह एवढाच की मीटर आधी आणि यंत्र नंतर. आणि मोजताना बोअर चालू असलेल्या महिन्यात व नसलेल्या महिन्यात, असे दोनदा मोजावे.

सातपूर कॉलनी

मी कारखान्यात विद्युत देखभालीचे काम तीस वर्षे केले, त्यामुळे दोन-तीन गोष्टी आकड्यांनिशी सांगतो.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज बारा तास चालला तर जुना पंखा दिवसाला ०.९० युनिट आणि नवा ०.३६ युनिट घेईल, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. आपल्या वीजबिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, म्हणून तीन पंखे बदललेल्या घरात हा फरक बिलावर स्पष्ट दिसतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे तारांकन सक्तीचे आहे, तेव्हा ते पाहूनच घ्यावा. पण एक सावधगिरी बाळगावी. या पंख्यात आत इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) असते, आणि ती गेली की साधा वायरमन ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून सर्वांत स्वस्त पंखा न घेता ज्याचे सेवा केंद्र नाशकातच आहे आणि ज्याची पाटी सुटी मिळते, तोच घ्यावा. जुना रेग्युलेटर काढून टाकावा. बहुतेक बीएलडीसी पंखे त्यावर चालत नाहीत.

गॅसची नळी हा दुसरा विषय, आणि त्याकडे कोणीच पाहत नाही. माझ्या भाडेकरूकडे गेलो तेव्हा त्यांची नळी ओट्याच्या मागे घासून इतकी कडक झाली होती की वाकवताच तिला भेगा दिसल्या. त्या बाई गरोदर होत्या. मी त्याच वेळी नळी बदलवली. तारेचे वेष्टण आत असलेली सुरक्षा नळीच घ्यावी, तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि वर्ष छापलेले असते, आणि पाच वर्षांनी ती चांगली दिसत असली तरी बदलावी. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात; ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. तो काळ उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये, परत करावा. त्याच पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचे वजन कोरलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन होते. वजन करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि आणून देणाऱ्या पोराशी न भांडता, गोड बोलून मागितले की तो काटा काढतो.

कुकर, इस्त्री, गिझर यांवर आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये तो टाकला की परवाना खरा आहे की खोटा ते दुकानात उभ्या उभ्या कळते. मी नातीला कुकर घेताना हे केले. एका दुकानातल्या कुकरवर चिन्ह होते, पण क्रमांकच नव्हता. दुकानदाराला दाखवल्यावर त्याने मुकाट्याने तो कुकर मागे ठेवला.

देवळाली गाव

मी फक्त एक ओळ वाढवते. बिडाचा तवा घ्यायचा असेल तर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आठवडे बाजारात जावे. पाट्याचा दगड, विळी, खुरपे आणि तवा हे सगळे एका फेरीत होते. तवा उचलून नखाने टिचकी मारावी, घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे. पहिले आठ दिवस त्यावर पोळी न करता रोज कांद्याच्या फोडीने तेल फिरवून तापवावा, नंतर धिरडे सुद्धा सहज सुटते.

गोदाकाठ

एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांची आभारी आहे. बहिणीची यादी आता चार पाने झाली आहे. तिने कालच नळाचे पाणी मोजून घेतले, आरओ घेण्याचा बेत रद्द केला आणि त्या पैशांत दोन पंखे व गॅसची नळी बदलायचे ठरवले. माझी एक शंका अजून शिल्लक आहे. सासूबाईंच्या कापसाच्या दोन गाद्या आहेत, अगदी दबून गेलेल्या. कोणी अजून पिंजून देतात का?

जुने नाशिक

देतात. भद्रकाली भागात चौकशी करावी, आणि दिवाळीच्या आधी महिनाभर जावे, ऐन सणात त्यांना सवड नसते. गादी देण्यापूर्वी घरीच तिचे वजन करून लिहून ठेवावे. पिंजल्यावर धूळ आणि गाठी निघून थोडी घट येते, ती येणारच. पण निम्मा कापूस कमी झाला असेल तर तसे विचारावे. पिंजण्याचे काम समोर करून घ्यावे आणि जुन्या कापसात सिंथेटिक तंतू मिसळू देऊ नयेत. मिसळले आहे अशी शंका आली तर चिमूटभर तुकडा काडीने जाळून पाहावा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, सिंथेटिक आक्रसून त्याचा कडक मणी होतो. खोळ मात्र नवीन, जाड मांजरपाटाची शिवून सोबत न्यावी, कारण दुकानातली खोळ विरळ असते आणि दोन उन्हाळ्यांत तिच्यातून कापूस बाहेर येतो.